वकील लावू की फॉर्म स्वतःच भरू? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात बहुतेक पत्रं एकाच विषयाची आलीत, ग्रीन कार्ड, पीआर (कायम राहायचा परवाना), सिटिझनशिप, आणि फिरून फिरून सगळे तिथेच येतात की वकिलाला पैसे द्यायचे का. आधीच सांगते, मी वकील नाही. बरीच वर्षं अमेरिकेत इमिग्रेशनच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलाची मदतनीस म्हणून फायली लावल्यात, त्यामुळे वकील कशाचे पैसे घेतो आणि कशाचे उगाच घेतो ते जवळून बघितलंय, एवढंच. फीचे आकडे आणि नियम सारखे बदलतात, तेव्हा फॉर्म भरायच्या दिवशी सरकारी साइटवर एकदा ताडून बघाच.

प्रश्न: ताई, आम्ही एडिसनला असतो. माझ्या ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली, आता सिटिझनशिपला अप्लाय करायचंय. ओळखीतल्या वकिलाने पंधराशे डॉलर सांगितले, सरकारी फी वेगळी. नवरा म्हणतो, त्यात काय, टॅक्स रिटर्न भरतो तसा हाही भरू. फक्त तीन वर्षांपूर्वी बाबांची बायपास झाली तेव्हा मी सांगलीला सलग सात महिने होते. शिवाय एक स्पीडिंगचं तिकीट आहे. काय करू?

उत्तर: तुमच्या नवऱ्याचं बरंचसं बरोबर आहे. एन-४००, म्हणजे सिटिझनशिपचा फॉर्म, ऑनलाइन भरला तर फी ७१० डॉलर, कागदावर भरला तर ७६०. प्रश्न सरळ आहेत, पाच वर्षांत कुठे राहिलात, कुठे काम केलं, कितीदा बाहेर गेलात, कधी अटक झाली का वगैरे. साध्या केसमध्ये वकिलाच्या ऑफिसात काय होतं सांगू का? ते तुम्हाला एक प्रश्नावली पाठवतात, ती तुम्हीच भरता, मग माझ्यासारखी कोणीतरी तुमचीच उत्तरं उचलून फॉर्ममध्ये टाकते आणि वकीलसाहेब शेवटी एक नजर फिरवतात. प्रवासाच्या तारखा तर जुन्या-नव्या पासपोर्टचे शिक्के आणि तिकिटांच्या ईमेल शोधून तुम्हालाच काढायच्या असतात, तुम्ही दिवाळीला कधी गेलात आणि कधी आलात ते वकिलाला काय स्वप्नात दिसणार आहे! आणि खाली सही तुमचीच, खोटं ठरलं तर शपथेवर खोटं बोलल्याचा ठपकाही तुमच्यावरच.

तिकिटाचं फार मनावर घेऊ नका. दारू किंवा ड्रग्जचा संबंध नसेल, अटक झाली नसेल आणि दंड ५०० डॉलरच्या आत असेल तर त्याची कागदपत्रं जोडावी लागत नाहीत. पण फॉर्ममध्ये प्रश्न फक्त अटकेचा नाही, पोलिसांनी तुम्हाला कधी 'साइट' केलंय, म्हणजे तिकीट दिलंय का असाही आहे, तेव्हा तिथे 'हो' म्हणा आणि एका ओळीत काय झालं ते लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण लपवलं तर उगाच प्रकरण होतं.

सात महिन्यांचं मात्र वेगळं आहे. सहा महिन्यांपेक्षा जास्त आणि वर्षापेक्षा कमी सलग बाहेर राहिलात तर तुमचं अमेरिकेतलं सलग वास्तव्य तुटलं असंच धरून चालतात, आणि तुटलं नाही हे दाखवायची जबाबदारी तुमची. बरेच जण इथे दुसराच हिशोब मांडत बसतात, पाच वर्षांत एकूण ३० महिने अमेरिकेत होतो की, मग काय प्रॉब्लेम. ती अट वेगळी, ही वेगळी, दोन्ही पाळाव्या लागतात. आता दाखवायचं काय, तर नवरा-मुलं इथेच होती, घराचं लीज किंवा मॉर्गेज चालू होतं, नोकरी सोडली नव्हती (रजेचं पत्र असेल तर सोन्याहून पिवळं), भारतात पगार घेतला नाही, टॅक्स इथला रहिवासी म्हणूनच भरला. वडिलांचं हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्डही जोडा, का थांबलात ते त्यावरून कळतं, पण नुसत्या त्याच्यावर भागत नाही, इथलं घर-संसार चालू होता हे मुख्य.

नोकरी सोडून गेला होतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं त्यावर अडलंय. सोडली नसेल तर कागद बऱ्यापैकी तुमच्या बाजूचे आहेत. सोडली असेल किंवा घरसुद्धा रिकामं केलं असेल, तर ती ट्रिप पाच वर्षांच्या हिशोबातून बाहेर जाईपर्यंत थांबणंच कदाचित शहाणपणाचं, कारण नाकारलं तर फी परत मिळत नाही, आणि एन-४०० भरला की फक्त तो फॉर्म नाही, ग्रीन कार्ड कसं मिळालं इथपासूनची तुमची सगळी फाईल परत उघडली जाते. हे ठरवायला मी तुमच्या जागी असते तर पंधराशे दिले नसते, इमिग्रेशनच्याच वकिलाची एक तासाची कन्सल्टेशन घेतली असती, सगळे कागद समोर ठेवून. तो म्हणाला भरा, तर घरी येऊन स्वतः भरायचा. असं सुटं काम करणारे वकील असतात, फक्त ते आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

इंटरव्ह्यूला वकील बरोबर आला तरी तुमच्याऐवजी उत्तर देऊ शकत नाही. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवी सिव्हिक्स टेस्ट (अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार) आहे, १२८ प्रश्नांचा संच, त्यातले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. मैत्रिणीने दिलेली जुनी शंभर प्रश्नांची पीडीएफ वाचत बसू नका.

प्रश्न: आम्ही दोघं कोथरूडला असतो, वय सत्तरच्या आसपास. मुलगा अमेरिकन सिटिझन झाला, आता आमचं ग्रीन कार्ड करायचं म्हणतोय. तिथला वकील माझा जन्मदाखला मागतोय. माझा जन्म सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातला, कुठेच नोंद नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव कुसुम, लग्नात नाव बदलून सुनंदा ठेवलं, पासपोर्टवर सुनंदा. लग्नाची पण नोंदणी केलेली नाही. मुलगा वैतागलाय, म्हणतो टुरिस्ट व्हिसावर तुम्ही या तर खरं, इथेच सगळं भरून टाकू.

उत्तर: काकू, तुमच्या पिढीतल्या निम्म्या बायकांची हीच गत आहे, त्यामुळे घाबरू नका. लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि झालं, कुठल्या सरकारी कागदावर ते बदलल्याची नोंद नाही, आणि पन्नास वर्षांनी न्यू जर्सीतला कोणी वकील विचारतो की ही कुसुम कोण. त्याला कितीही पैसे दिले तरी हे काम तो करू शकत नाही, हे वॉर्ड ऑफिस, ग्रामपंचायत आणि नोटरीचं काम आहे, आणि ते तुमच्या यजमानांनाच करायला लागणार.

जन्म जिथे झाला तिथल्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातून 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्यायचा. त्याबरोबर शाळा सोडल्याचा दाखला, आणि तुमचा जन्म माहीत असलेल्या दोन वडीलधाऱ्या माणसांची प्रतिज्ञापत्रं, म्हणजे थोरला भाऊ, मावशी, कोणी असेल ते. त्यात तुमचं माहेरचं नाव, जन्मतारीख, गाव, आईवडिलांची नावं आणि हे त्यांना कसं माहीत हे सगळं यायला हवं, नुसतं 'मी यांना ओळखतो' चालत नाही. कुसुम आणि सुनंदा एकच, याचं वेगळं प्रतिज्ञापत्र करा, जमलं तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या, म्हणजे कुठल्याच खिडकीवर वाद नको. लग्नाची नोंद आत्ताही होते, लग्नपत्रिका, फोटो आणि साक्षीदार घेऊन जा, उशिराचा काय तो दंड भरायचा. ती नोंद मुलगा वडिलांसाठी जो अर्ज करेल त्यात लागते. तुमच्या अर्जासाठी मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव काय आहे ते आज बघा. तिथे 'सुनंदा' असेल तर अर्धी लढाई जिंकलात.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर हवं, पण त्याला अमेरिकेत कुठला सरकारी ठप्पा लागत नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने 'मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे' असं लिहून सही केली, नाव-पत्ता-तारीख घातली की पुरे. घरच्यांकडून करून घेऊ नका, सोसायटीतल्या एखाद्या निवृत्त इंग्रजीच्या सरांना सांगा, आनंदाने करतील.

बाकी फॉर्म मुलाने स्वतः भरले तरी चालतील. दोघांसाठी दोन वेगळे आय-१३० (नातेवाइकासाठीचा अर्ज) लागतात, ऑनलाइन ६२५ डॉलर एकाचे. एकाच्या अर्जात दुसरा बसत नाही आणि धाकटी बहीण 'आईबाबांबरोबर' म्हणून तर अजिबातच येत नाही, हे त्याला सांगा, कारण लोक हमखास धरून चालतात. मग मुलाच्या उत्पन्नाचं हमीपत्र, आय-८६४, आणि शेवटी मुंबईच्या कॉन्सुलेटला इंटरव्ह्यू.

आता टुरिस्ट व्हिसाचं. इथे मात्र वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. एअरपोर्टवर ऑफिसरने विचारलं कशाला आलात, तुम्ही म्हणालात नातवंडांना भेटायला, आणि पुढच्याच आठवड्यात ग्रीन कार्डचा अर्ज गेला, तर खोटं सांगून आत आलात असं ते म्हणू शकतात, आणि तो शिक्का कायमचा बसतो, पुसायला वेगळा माफीचा अर्ज आणि मोठा खर्च. मुलाची घाई समजते पण ज्याला वेळ आहे त्याने मुंबईचाच रस्ता धरावा. आणि एक आगाऊपणा करून विचारते, तुम्हाला खरंच तिथे राहायचंय का? ग्रीन कार्ड म्हणजे तिथे राहायचा परवाना आहे, वर्षातून चार महिने जायचं आणि बाकी कोथरूडला राहायचं असेल तर टुरिस्ट व्हिसा काय वाईट आहे. हे मुलाला तुमच्याकडून ऐकलेलं बरं.

प्रश्न: डलासला आहे, एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डच्या ईबी-२ रांगेत. कंपनीने भरलेला ग्रीन कार्डचा अर्ज, आय-१४०, कधीच अप्रूव्ह झालंय, आता प्रायॉरिटी डेटची, म्हणजे रांगेतल्या माझ्या तारखेची वाट. मुलगी १७ ची झाली. कंपनीचा वकील ईमेलला दोन ओळींत उत्तर देतो, तेही दहा दिवसांनी. स्वतःचा वकील लावला तर कंपनीला राग येईल का?

उत्तर: रागाचं सोडा, आधी तो वकील कोणासाठी काम करतो ते समजून घ्या. केसमध्ये कागदावर तुम्हीही असाल, पण बिल कंपनी भरते, आणि लेबर सर्टिफिकेशनचा (या कामाला अमेरिकन माणूस मिळत नाही हे सरकारला दाखवण्याचा) खर्च कंपनीनेच भरायचा हा कायदाच आहे, तो तुमच्याकडून वसूल करता येत नाही. त्यामुळे तुमचं आणि कंपनीचं हित जोपर्यंत एक आहे तोपर्यंत तो तुमचा. 'मी नोकरी बदलू का' हा प्रश्न त्याला विचारून काही उपयोग आहे का तुम्हीच सांगा.

त्याच्याकडून आय-१४० च्या अप्रूव्हल नोटिसची कॉपी मागा. देत नाहीत, कंपनी पॉलिसी म्हणतात, मग निदान रिसीट नंबर आणि प्रायॉरिटी डेट तरी ईमेलवर लिहून घ्या. अप्रूव्हल होऊन १८० दिवस झाले असतील तर कंपनीने नंतर आय-१४० मागे घेतलं तरी तेवढ्यावरून ते रद्द होत नाही आणि तारीख तुमची राहते, नव्या कंपनीत ती घेऊन जाता येते.

पण तुमचा खरा प्रश्न मुलीचा आहे, आणि तो तुम्ही एका वाक्यात उरकलाय. ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यात भारताची ईबी-२ ची रांग कुठे आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ती २१ ची झाली की तुमच्या अर्जातून बाहेर पडते. तिचं वय मोजताना आय-१४० जितके दिवस पेंडिंग होतं ते वजा होतात, पण वय कुठल्या तारखेला गोठवायचं ती पद्धत ऑगस्ट २०२५ मध्ये बदलली आणि ती बदलल्यामुळे अनेकांचा हिशोब चुकलाय. शिवाय व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एका वर्षात पाऊल उचलावं लागतं. हे व्हॉट्सॅप ग्रुपवर विचारायचं काम नाही. इथे स्वतःचा वकील करा, आत्ता, ती बारावीत असतानाच, म्हणजे कॉलेजसाठी तिला एफ-१ (स्टुडंट व्हिसा) वर कधी न्यायचं हेही त्याच बैठकीत ठरेल. कंपनीला सांगायची गरज नाही, सल्ला घेणं ही तुमची खासगी बाब आहे.

प्रश्न: ताई, इचलकरंजीहून लिहितोय. इंजिनिअरिंग झालंय, तीन वर्षं नोकरी. एका एजंटने कॅनडाच्या पीआरची गॅरंटी दिलीय, आठ लाख, त्यात जॉब ऑफर लेटर पण देणार आणि त्याचे पॉइंट मिळतील म्हणतो. वडील शेतावर कर्ज काढायला तयार आहेत.

उत्तर: वडिलांना थांबव. आजच.

एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडाच्या पीआरच्या पॉइंटवाल्या पद्धतीत, जॉब ऑफरचे जे जादा पॉइंट होते ते २५ मार्च २०२५ पासून काढून टाकलेत. म्हणजे तो तुला जे विकतोय त्याची किंमत शून्य आहे, आणि लेटर बोगस निघालं तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचा सल्ला देणारा माणूस, मग तो टोरांटोत बसो की कोल्हापुरात, एकतर तिथला वकील हवा नाहीतर कॅनडाच्या इमिग्रेशन कन्सल्टंट्सच्या कॉलेजचा लायसन्सधारक हवा. त्या कॉलेजचं रजिस्टर ऑनलाइन उघडं आहे, नाव टाक आणि बघ. आणि तो म्हणेल फॉर्मवर माझं नाव नको घालूस, तर उठून चालू लाग, कारण प्रतिनिधी असेल तर तो जाहीर करायलाच लागतो.

तुझी प्रोफाइल तू स्वतः भरू शकतोस, प्रोफाइल बनवायला पैसे लागत नाहीत. खर्च येतो तो इंग्रजीच्या परीक्षेचा आणि डिग्री तपासून घेण्याचा, आणि पुढे बोलावणं आलंच तर सरकारी फी, जी २०२४ च्या दराने एका माणसाची १,५२५ कॅनेडियन डॉलर होती. पॉइंट किती होतात ते सरकारी कॅल्क्युलेटरवर अर्ध्या तासात कळतं. कमी पडत असतील तर एजंट ते वाढवू शकत नाही, इंग्रजीचा स्कोअर किंवा थोडं फ्रेंच वाढवू शकतं. आठ लाखांत फ्रेंचचे किती क्लास होतील बघ.

प्रश्न: ब्रॅम्प्टनला आहोत. कॅनडाच्या सिटिझनशिपसाठी कन्सल्टंट लागतो का?

उत्तर: सहसा नाही. पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात, पीआरच्या आधी स्टुडंट किंवा वर्क परमिटवर होतात तर तो प्रत्येक दिवस अर्धा धरतात, जास्तीत जास्त ३६५. सरकारी कॅल्क्युलेटर हे सगळं करून देतो. फक्त बरोबर १,०९५ ला भरू नका, सीमेपलीकडे बफेलोला शॉपिंगला गेलेला एखादा मुक्काम विसरलेला असतो, महिनाभर जास्तीचा हाताशी ठेवा.

प्रश्न: फ्रीमाँटहून. मागच्या महिन्यात माझा अमेरिकन सिटिझनशिपचा ओथ (शपथविधी) झाला. आता ओसीआयसाठी (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) पण वकील बघू का? वाईजवळ आजोबांची शेतजमीन आहे, वडील गेले, सातबाऱ्यावर अजून माझं नाव लागलेलं नाही, त्याची काळजी वाटते.

उत्तर: अभिनंदन! ओसीआयला वकील अजिबात नको. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं आपोआप संपतं, त्यामुळे आधी भारतीय पासपोर्ट सरेंडर करून त्याचं सर्टिफिकेट घ्या, मग ओसीआय. फोटोचा आणि सहीचा साइज सोडला तर त्यात अवघड काही नाही, पण त्या फोटोपायीच निम्मे अर्ज परत येतात असं म्हटलं तरी चालेल! तोवर जुन्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा मोह आवरा, तो गुन्हा आहे, पासपोर्ट अजून 'व्हॅलिड' दिसला तरी.

वकील लागेल तो वाईला. ओसीआयवाल्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते, तेव्हा हक्क गेला म्हणून घाबरू नका. पुढेमागे विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. आत्ता वारस नोंद करून घ्या, चुलत्यांशी संबंध चांगले आहेत तोवर. स्वतः येऊन तलाठ्याकडे अर्ज देणं सगळ्यात बरं. येणं होत नसेल तर भावाच्या किंवा बहिणीच्या नावाने फक्त या कामापुरतं कुलमुखत्यारपत्र करा, विकायचे अधिकार त्यात घालू नका, तिथल्या आपल्या कॉन्सुलेटमधून अटेस्ट करून पाठवा, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायला सांगा. कुरिअर आल्याचं पाकीट भावाला जपून ठेवायला सांगा, त्यावरच्या तारखेवरून ते तीन महिने मोजले जातात.